मुकादमांची दाढ

१८ नोव्हेंबर

पोचले एकदाची! शेवटच्या ट्रकमधून, पिठाच्या पोत्यांवर बसून. उजवा गाल अजून टम्म आहे. या नोकरीची अटच तशी आहे, हिवाळाभर इथे राहायचं तर आधी अक्कलदाढा काढून यायच्या. रस्ता एकदा बर्फाखाली गेला की दहा आठवडे वर कुणी येत नाही, आणि नेमकी तेव्हाच कुणाची दाढ ठणकली तर काय करणार? माझ्या चारही काढल्या. खालची एक आडवी निघाली, तिने तासभर खाल्ला.

ट्रकमधून उतरले तर समोर मुकादम. दारातून तिरकं होऊन बाहेर यावं लागतं एवढा माणूस. माझा गाल बघून म्हणाले, "सिस्टर, अक्कल खालीच ठेवून आलात, बरं केलंत. इथे तिचं काही काम नाही." इतकी हसले की टाके ताणले.

आम्ही चौघंच. मुकादम. त्यांची बायको, तिच्याकडे स्वयंपाकघर. तिचा भाऊ जनरेटर आणि वायरलेस सांभाळतो. आणि दवाखान्याची मी. या भावाला सगळे मेहुणाच म्हणतात. ट्रकवाल्याचं तर अजून लग्नही झालेलं नाही, पण तोही "काय मेहुणं" करूनच त्याच्याशी बोलत होता.

२२ नोव्हेंबर

रुळले म्हणायला हरकत नाही. एकच लांब बराक, मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. खिडक्या निम्म्या बर्फाखाली, त्यामुळे दुपारीसुद्धा खोलीत दुधाळ उजेड. काम इतकंच, की हिवाळ्यात बंद पडलेल्या बोगद्यात झिरपणारं पाणी पंपांनी बाहेर काढत राहायचं. मुकादमांनी दोन पंपांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवलीत. थोरली कुरकुरली की तिला लाडीगोडी लावतात, धाकटीला शिव्या घालतात.

वहिनींनी आज दम भरला, की अहोजाहो केलंस तर जेवायला वाढणार नाही. म्हणून आता नुसतं "वहिनी, अगं". मेहुणा अबोल आहे. हसताना तोंडावर हात धरतो. नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून बहिणीकडेच वाढला. दाजींनी मला शिकवलं, दाजींनी मला कामाला लावलं, दाजी म्हणतील ती पूर्व दिशा, असं त्याचं सगळं. मुकादम जेवणानंतर अक्रोड दातांनी फोडतात आणि पहिला गर त्याच्या ताटात टाकतात. तीस वर्षांच्या माणसाच्या ताटात.

२९ नोव्हेंबर

मुकादम एकाच बाजूने चावताहेत. पाव चहात बुडवून गिळतात. जवळून गेले की लवंगेच्या तेलाचा वास येतो. विचारलं तर म्हणाले, कानात वारं शिरलंय. कानातल्या वाऱ्याला लवंगेचं तेल कशाला, असं विचारल्यावर पहिल्यांदाच हसले नाहीत.

१ डिसेंबर

आज वहिनीनेच त्यांना हाताला धरून दवाखान्यात आणलं. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. अक्षरशः दातखीळ. बॅटरी लावून बघितलं. खाली डावीकडे, शेवटच्या दाढेमागे हिरडी जांभळी, फुगलेली, आणि तिच्यातून एक पांढरं टोक डोकावतंय. अक्कलदाढ! आणि फाइलमध्ये तर चारही काढल्याचा दाखला.

फाइलमधला एक्स-रे खिडकीला लावला. चार जागा मोकळ्या. मग काय मनात आलं कोण जाणे, मेहुण्याच्या फाइलमधला काढून शेजारी धरला. वरच्या डाव्या दाढेत तेच चौकोनी सिमेंट, खाली समोर तोच एक तिरका दात. दोन माणसांच्या नावांवर एकच तोंड.

मेहुण्याला बोलावलं. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. दाजी दाताच्या खुर्चीला घाबरतात. लहानपणी कुणीतरी चार जणांनी दाबून धरून त्यांचा दात काढला होता. म्हणून हा दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत जाऊन एक्स-रे काढून आला, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा दाजींच्या. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. ती भावाकडे नाही, नवऱ्याकडे बघत राहिली. मुकादम पोरासारखे भिंतीकडे तोंड करून बसले.

३ डिसेंबर

वायरलेसवर दातांच्या डॉक्टरीणबाई मिळाल्या. शांत आवाज. कोमट मिठाच्या गुळण्या आणि सहा-सहा तासांनी इंजेक्शनं सांगितली. दाढेवर हिरडीचं झाकण पडलंय, ते कापून पू वाहू दे म्हणाल्या. कापलं. वास असा की वहिनी बोळात जाऊन ओकली. मुकादमांनी माझं मनगट धरलं होतं, पाचही बोटं अजून काळीनिळी उमटलेली आहेत. पण तासाभराने उतार पडला. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर लिहून दाखवलं: थोरलीचं तेल बदलायला सांगा. आम्ही तिघंही उगाचच खूप हसलो.

५ डिसेंबर

उतार फसवा होता. सूज जबड्यावरून गळ्यावर उतरलीय. हनुवटीखाली हात लावला तर लाकडासारखं कडक. ताप उतरत नाही. लाळ गिळता येत नाही, मांडीवर टॉवेल घेऊन बसतात. बोलणं तोंडात कापूस कोंबल्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जीभ वर उचलली गेलीय का? हो म्हटलं. मग म्हणाल्या, आता मुळावरच घाव घालायला हवा. उद्या दाढ काढ, हनुवटीखाली चीर देऊन पू बाहेर सोड. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला तर गळ्याला बाहेरून, कंठमण्याखाली भोक पाडावं लागेल. ते कुठे आणि कसं, दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. रस्त्यावरचा बर्फ कापणारं मशीन निघालंय. हवा चांगली राहिली तर दोन दिवस.

मुकादमांना समजावलं. खुर्ची बघून त्यांनी दात-ओठ खाल्ले असते, पण जबडाच हलत नाही आता नीट. शेवटी मेहुण्यानेच कबूल करून घेतलं. दाजी, मी हात धरून बसतो, म्हणाला.

६ डिसेंबर, दुपार

लिहिते. जसं झालं तसं लिहिते.

मुकादमांना पट्ट्यांनी खुर्चीला बांधलं. भुलीची इंजेक्शनं दिली, पण पू झालेल्या जागी भूल लागत नाही, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. दातांत लाकडी पाचर ठोकून तोंड उघडं ठेवलं. मेहुणा पाचर धरून. चिमट्याने दाढ पकडली, हलवली, पुन्हा हलवली. ती आडवी हाडात रुतलेली. कड असा आवाज झाला आणि वरचा तुकडा निघाला, मुळं आतच राहिली. मुकादम ओरडले नाहीत. बैल जसा नाकातून श्वास सोडतो तसा एक सोडला. आणि उजव्या हाताचा पट्टा तुटला.

पाचर उडाली. मेहुण्याचं बोट आत होतं. जबडा मिटला. दोन पेरं. त्यांनी ती थुंकली, लाळेबरोबर, स्वतःच्याच शर्टावर. मला मूठ लागली, उठले तेव्हा कपाटाखाली होते. ते अवजारांच्या खोलीत जाऊन बसलेत. आतून कडी.

६ डिसेंबर, संध्याकाळ

माझा जबडा मोडलाय. दोन जागी. बँडेज डोक्यावरून घट्ट बांधलंय, बोलता येत नाही. वहिनीशी या वहीच्या मागच्या पानांवर लिहून बोलते. मेहुण्याचं बोट तिला लिहून लिहून सांगितलं तसं तिने बांधलं. मग चुलीपाशी जाऊन एकटीच रडली.

मेहुण्याने वायरलेसवर हाक दिली. मशीन अर्ध्यात अडकलंय. अजून दोन दिवस.

अवजारांच्या खोलीतून हातोडीचा आवाज येतोय. हळू. नेमका. मध्ये थांबतो, मग पुन्हा.

७ डिसेंबर, सकाळ

ते बाहेर आले.

तोंड उघडत नव्हतं, म्हणून गालातून वाट केलीय. छिन्नीने. डावा गाल कानापासून लोंबतोय, आत दात दिसतात. एवढं करून दाढ तशीच. आरसा नव्हता ना. शेजारच्या दोन चांगल्या दाढा फोडल्यात.

मला नमस्कार केला. मग वायरलेस फोडला. आवाज डोक्यात जातो, असं काहीसं म्हणाले. नीट कळत नाही, शब्द गालातून वाहून जातात.

ताप मोजायला जवळ जाववत नाही. डोळे काचेसारखे. वहिनीने दूध पुढे केलं तर त्यांनी ते हळूच बाजूला ठेवलं, सांडू नये म्हणून. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रक्ताचा.

७ डिसेंबर, दुपार

फाइल मागितली. मी दिली. का दिली मी —

एक्स-रे खिडकीला धरून उभे होते. बराच वेळ. मग मेहुण्याला हाक मारली, अगदी प्रेमाने. तो गेला. दाजींनी बोलावल्यावर तो कधी नाही म्हणाला आहे?

शब्द जड होते, पण मला सगळे कळले. "नाव माझं. तोंड तुझं. मग दुखतंय ते माझं कसं?"

मेहुणा म्हणाला, दाजी, चुकलो. माफ करा.

ते म्हणाले, "माफी नको. माझे दात दे."

गुडघा छातीवर. पक्कड. एक्स-रे उजेडाला धरायचा, मोजायचा, मग वाकायचं. वहिनी त्यांच्या पाठीवर, केस उपटत, चावत. मी हातात सळई घेऊन दोनदा मारली. खांद्यावर. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचं ऐकू आलं. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. वहिनीला एका हाताने उचलून बाजूला ठेवलं, लहान मुलाला ठेवावं तसं. तू लांब हो, अंगावर उडेल, म्हणाले.

सिमेंट भरलेली वरची दाढ निघाली तेव्हा त्यांनी ती एक्स-रेवर ठेवून बघितली. मान हलवली. जुळली.

मेहुणा दाजी, दाजी म्हणत होता. नंतर नुसता घशातला आवाज. नंतर तोही नाही. ते मोजतच होते.

मी वहिनीला ओढत दवाखान्यात आणलं. कडी. कपाट दाराला.

७ डिसेंबर — किती वाजले माहीत नाही

बोळात पावलं. दारापाशी थांबली. बसले. पाठ दाराला टेकल्याचं कळलं, कपाट जरा हललं.

काही मागत नाही.

श्वास येतोय. शिट्टीसारखा.

८ डिसेंबर, सकाळ

शिट्टी बारीक झालीय. बाईंनी सांगितलेली. कंठमण्याखाली, मधोमध, आडवी चीर. पातं याच कपाटात आहे. मला जमेल. दोन मिनिटांचं काम.

वहिनी विचारते, श्वास असा का वाजतोय त्यांचा? मागच्या पानावर लिहिलं — झोप लागलीय.

खोटं. पहिल्यांदाच लिहिलं खोटं या वहीत.

तो गुदमरतोय. गुदमरू दे.

८ डिसेंबर

वहिनी दाराशी बोलते. दाराच्या या बाजूने, फळीला कान लावून. पाणी हवं का. जखम धुऊ का. मी किती वर्षांची होते, तुम्ही मागणी घालायला आलात तेव्हा — असलं काहीतरी. कालपासून तिने भावाचं नावही काढलेलं नाही.

तिने लिहिलं — तो गेला. आता हेही गेले तर मला कोण?

मी लिहिलं — मशीन येतंय. आजच्या दिवस थांब.

ती म्हणाली, तू सिस्टर आहेस ना.

८

शिट्टी थांबली.

पूर्ण. कान लावला. काही नाही.

वहिनी बघतेय माझ्याकडे. तिला कळलंय. झोप नव्हती हे कळलंय. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

कपाट सरकवतेय. एकटी. मी मदत करत नाही, अडवतही नाही. मेला असेल तर भेटू दे तिला. तेवढा हक्क आहे तिचा.

पण दाराखाली फट. बसलेल्या माणसाची सावली एक असते, रुंद. या दोन आहेत. दोन पाय. उभे.

श्वास धरूनही ठेवता येतो

वहिनी थांब. इकडे बघ. वही बघ. ओरडता येत नाही मला, वळ ना, वाच, कडीला हात लावू नकोस, तो उभा आहे, वहिनी, तो ऐकतोय, तो