रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी

सिस्टर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही चालवत होता तोच पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड आता माझ्याकडे आहे. पेशंट मला ब्रदर म्हणतात, शिकायला आलेल्या मुली मला जरा घाबरतात, आणि या आठवड्यात मी असा गोंधळलोय की विचारायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवलं नाही.

सोनपेठकडचा एक एसटी ड्रायव्हर आमच्याकडे आहे. आतड्याला छिद्र पडलं होतं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यापासून हा माणूस अखंड बोलायचा. शेजारच्या खाटेवरच्याला कुठल्या फाट्याला कसला खड्डा आहे ते सांगायचा, चहा मिळत नाही म्हणून आधी बायकोवर चिडायचा आणि मग माझ्यावर. परवा दुपारी बघतो तर भिंतीकडे तोंड करून पडलेला. दुखतंय का विचारलं, न्हाई म्हणाला. मळमळतंय का? न्हाई. सगळ्याला तेवढंच, अगदी शांतपणे. विद्यार्थिनीनं बीपी, ताप, पल्स पाहिलं, सगळं ठीक होतं. मी श्वास मोजले तर थोडे जास्त वाटले. पुन्हा मोजले तर तितके नव्हते. पहिल्यांदा मी बरोबर मोजले की मला हवे तसे मोजले, हे आताही सांगता येत नाही.

कारण तोवर मला तुमचा तो पेशंट आठवला होता. मी तेव्हा शिकतोय. खिडकीजवळची खाट, पोटाचंच ऑपरेशन, आकडे सगळे चांगले. तुम्ही त्याच्या पायथ्याशी बराच वेळ नुसत्या उभ्या आहात. मग फोनवर सर्जनना म्हणता, "साहेब, त्याच्या ओठावर माशी बसलीय आणि तो हाकलत नाहीये. तुम्ही या." ते आले, तपासलं, आत टाका सुटलेला निघाला. तो माणूस पुढं आपल्या पायांनी घरी गेला.

आम्हा पोरांना वाटलं, नर्सिंग म्हणजे हेच. म्हणून थोड्या दिवसांनी मीही एका पेशंटबद्दल म्हणालो की याचं काही मला ठीक वाटत नाही. तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत. "तुला काय वाटतं ते घरी आईला सांग. मला काय दिसलं ते सांग." मी मान खाली घालून पल्स मोजायला गेलो. जेवताना तुम्हीच धपाट्यांचा डबा माझ्यापुढं सरकवलात आणि काही झालंच नाही अशा बोलत राहिलात. तेव्हाच विचारायला हवं होतं. माशी दिसली हे खरं, पण माशीवरून जे कळलं, ते दिसलेलं होतं की वाटलेलं?

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, मऊ आहे, लक्ष ठेवा म्हणाले. मला राहवेना. परत बोलावलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय झालंय? मी म्हणालो, "हा माणूस बोलत नाहीये." माझ्याच कानांना ते विचित्र वाटलं. पण डॉक्टर वयानं लहान, माझा मान ठेवणारे. त्यांनी सीटी स्कॅन लिहिला. स्ट्रेचर निघालं तशी त्याची बायको माझ्यापुढं आली. "पुन्हा पोट फाडायलाव का ह्यांचं?" नुसता फोटो काढायचाय म्हणून सांगितलं, तिला पटलं नाही. सबंध वेळ ती पदर तोंडाला लावून दाराशी रडत बसली होती.

रिपोर्ट स्वच्छ आला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, तसा तो पहिल्यांदा आपणहून बोलला. "पोटाचं काही न्हाई ब्रदर. सकाळी सायेब म्हणले, आता स्टेअरिंग विसरा. तवापासून बोलूच वाटंना."

सकाळच्या राउंडला मी तिथंच उभा होतो, सिस्टर. ते वाक्य मीही ऐकलं होतं. ते लक्षात ठेवण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पुन्हा त्याच्याकडं नेलं. त्यांनी नीट समजावलं, काही महिने गाडी बंद, मग तपासून ठरवू. आता तो थोडं बोलतो, पण रस्त्याचं काढत नाही. ती विद्यार्थिनी मला विचारत होती, मग तुम्ही बरोबर होता का चूक? मी तिला सलाईन बघायला पाठवलं. त्याचं काहीतरी बिनसलं होतं, ते मला कळलं. पण तुमच्या पेशंटचं पोटात होतं म्हणून मीही पोटातच शोधलं. आधी शेजारी बसून विचारलं असतं, तर ती बाई रडली नसती. आणि मी गप्पा मारत बसलो असतो आणि आत खरंच टाका सुटलेला असता, तर? दोन्हीकडून विचार करतो आणि कुठंच पोचत नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तुमच्यापर्यंत तर तो यायचाच नाही, म्हणून एवढं सांगतो. तो रिपोर्ट हातात आला, काही दोष नाही असं वाचलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी क्षणभर मी खट्टू झालो होतो.