वकिलाच्या फीचा चेक

प्रिय आयली,

खटला मिटला. साडेतीन वर्षांनी पासष्ट हजार डॉलर. पण कागदाच्या वरच लिहिलंय, की फ्लूच्या लशीमुळे माझा खांदा गेला हे सरकार मान्य करत नाही. मग पैसे कशाचे देता? माझ्या सुंदर डोळ्यांचे? सव्वीस वर्षं मी नेगॉनी गावातल्या बायकांचे केस कापले. आता कंगवा डोक्यापर्यंत नेताना उजवा हात अर्ध्यातच अडकतो. दुकान एका पोरीला चालवायला दिलंय. ती कानाशी एक बट हटकून लांब ठेवते आणि मी चडफडत बघत बसते.

सगळ्यात चीड आली ती सरकारी वकीलबाईंची. फोनवर म्हणाल्या, “इतकं दुखत होतं, तर सात आठवडे डॉक्टरकडे का गेला नाहीत?” मी म्हटलं, “वाटलं, होईल बरं.” “सात आठवडे वाटतच होतं?” त्या एका प्रश्नापायी आकडा निम्म्यावर आला. माझे वकील पेल्टियर नंतर वैतागले, “बाई, तुम्ही काहीतरी लपवताय!” लपवतच होते. डॉक्टरांनी पहिलं विचारलं असतं, लस कुणी टोचली? औषधाच्या दुकानात, जिथं लशीही टोचतात, नोकरीला लागून तुला अकराच दिवस झाले होते. आणि मीच मोठ्या हौसेनं बाही वर करून तुझ्यासमोर बसले होते.

लशीनं इजा झाली तर दावा सरकारी निधीवर असतो, टोचणाऱ्यावर नाही, हे मला उशिरा कळलं. कळल्याबरोबर तुला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. नंतर तीन नाताळ नुसता निरोप, ‘ड्युटी आहे.’

शेजारची लेम्पी म्हणाली, “वकिलानं अर्धे खाल्ले असतील. आणि मुळात लसच वाईट!” तिला दारातच सुनावलं, वकिलाची फी निधीतून वेगळी मिळते, माझ्याकडून एक सेंट घ्यायची त्यांना बंदी आहे. आणि लस चांगलीच होती, सुई दोन बोटं वर गेली.

फीचं हे तुलाही ठाऊक नव्हतं, ते काल कळलं. पेल्टियरनी पाकीट पाठवलं. आत तुझा चार हजारांचा चेक. ‘आईच्या फीसाठी. तिला सांगू नका.’ खाली त्यांनी लिहिलंय, ‘हा मला घेता येत नाही, आणि तुमच्यापासून लपवणंही बरं वाटत नाही.’ माझं डोकंच फिरलं. साडेतीन वर्षं आईला एक फोन नाही, आणि परस्पर वकिलाला पैसे? मी काय तुझं थकलेलं बिल आहे? चेकचे तुकडे सोबत पाठवतेय. खांद्यासाठी मी तुला एका शब्दानं कधी बोलले नाही, बोलणारही नाही. पण या चेकसाठी बोलणार आहे, आणि तोंडावर बोलणार आहे. शनिवारी ये. भांडण बराच वेळ चालेल, तेव्हा जेवून येऊ नकोस.

तुझीच, अजून रागातच असलेली,
आई