मागचे शॉकअप

प्रिय धाकट्या,

रविवारी डोकं दुखतंय म्हणून मी फाटकातूनच परत फिरले, ते खोटं होतं. डोकं ठणठणीत होतं, दुखत होतं ते पोटात. फोनवर भांडण झालं असतं, म्हणून लिहून सांगते.

गाडीचे मागचे शॉकअप आणि स्प्रिंगा बदलायच्यात असं तू म्हणालास, तेव्हा मला बोलावतोयस असं मी धरूनच चालले. बाबांच्या जुन्या गाडीपासून हे काम आपल्या दोघांचं. पाने-पक्कड घेऊन आले, तर गाडी स्टँडवर चढलेली, चाकं काढलेली आणि मागे तुझी बायको मांडी ठोकून बसलेली. अंगात माझा निळा शर्ट, मी कामासाठी म्हणून तुझ्याकडे ठेवलेला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. लग्नाला अजून वर्ष नाही झालं.

तरी फाटकाशीच उभी राहिले. म्हटलं, बघू या किती येतंय. स्प्रिंग दाबून धरायचे क्लॅम्प तिनं दोन्हीकडून सारखे आवळले, थोडा हा, थोडा तो. मी चूक शोधत होते, खोटं कशाला बोलू? सापडेना. मग नवा शॉकअप जागेवर बसला आणि तू नेहमीच्या घाईनं खालचा बोल्ट करकचून आवळायला निघालास. चाकं टेकून गाडीचं वजन पडल्याशिवाय तो पुरता आवळायचा नाही, आतलं रबर पिळवटतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तिनंच सांगितलं. आणि तू पाना खाली ठेवलास. माझ्याशी याच बोल्टवरून दरवेळी हुज्जत घालतोस, तिचं मात्र मुकाट्यानं ऐकलंस. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. तिनं हसून या ना ताई म्हटलं, आणि मी डोक्याचं निमित्त काढलं.

तिनं तुझ्याबरोबर जेवावं, फिरावं, भांडावं, माझं काही म्हणणं नाही रे. पण गाडीपाशी तुझ्याशेजारची जागा माझी होती. तिथं तरी ती माझ्यापेक्षा कमी पडली असती, तर मी सुखानं घरी आले असते.

आता पत्राचं कारण. माझ्याही गाडीचं बूड बसलंय, खड्ड्यात धाडकन आपटतं. नवे शॉकअप, स्प्रिंगा आणून ठेवल्यात. येत्या रविवारी तिला पाठव. एकटीला. आम्ही दोघी करू. तू घरी बस, आणि कसं वाटतं ते मला कळव.

तुझीच, तिच्याही आधीची,
ताई