पोटाचा टेकू नको

प्रिय ठकू,

तुझा निरोप मिळाला. चार ओळी, त्यात तीन अटी, आणि शेवटी ‘बाबा, प्लीज लवकर’. लहानपणी बुटाची नाडी बांधून घ्यायला पाय पुढे करायचीस, तोच तोरा. मी मात्र खूश झालो. निवृत्त कॅमेरामनला त्याच्या कामातलं कोणी काही विचारलं की तो दोन इंच उंच होतो, आणि विचारणारी स्वतःची लेक असेल तर बघायलाच नको. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणतेस आणि तुला हवं तेच करतेस, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

तीन आठवड्यांनी तुझं काम सुरू होणार. लाकडी बोटी बांधणाऱ्या कारखान्यावरचा माहितीपट, चार महिने, आणि कॅमेरा पहिल्यांदाच फक्त तुझ्या ताब्यात. सहा वर्षं तू दुसऱ्यांच्या लेन्सा पुसल्यास. हे काम काही केल्या तुझ्या हातून जाऊ नये, एवढंच मला वाटतं. तिथे शिड्या असणार, अरुंद फळ्या असणार, आणि तुला कारागिरांच्या मागेमागे फिरायचं. दर वेळी ट्रायपॉड मांडत बसलीस तर बोट पाण्यात जाईल आणि तू अजून ट्रायपॉडचे पाय सारखे करत असशील. तेव्हा खांद्यावरची रिग, म्हणजे कॅमेरा खांद्यावर पेलणारी चौकट, हवीच, हे तुझं म्हणणं मान्य.

आता तुझ्या अटी. खांद्यावर वजन चालेल, कमरेला पट्टा नको, पोटावर काही टेकायला नको. पहिली वाचून मान डोलावली, पुढच्या दोन वाचून कपाळाला हात लावला. पोटाचा टेकू हा माझा जुना लाडका. रिगच्या पुढून एक दांडी खाली येते, पोटाला टेकते, आणि मनगटांवरचा भार निम्मा होतो. मी तुला हौसेने त्याचाच फोटो पाठवला. तुझं उत्तर आलं, ‘हे सोडून काहीही.’ मी तुझ्या आईपुढे तणतणलो, की पोरीला शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं. तिने हातातलं पुस्तक पालथं ठेवलं, तुझा निरोप दोनदा वाचला, आणि म्हणाली की तिला हवं आहे तेच बघा, उगाच आपलं शहाणपण पाजळू नका. मग पुस्तक पुन्हा उघडून ती एकाच पानावर बसून राहिली. मला वाटलं, पुस्तकात रमली.

रिग चित्र बघून घेऊ नये, अंगावर चढवून घ्यावी. पण माझ्या रुंद खांद्यावर बसलेली रिग तुला काय कामाची? तुझे आणि आईचे कोट तुम्ही अदलाबदल करून घालता, म्हणून माप द्यायला तिलाच घेऊन गेलो. कॅमेऱ्याच्या सामानाचा आपला जुना दुकानदार तुला आठवत असेल, ज्याला आपण स्क्रूवाला म्हणायचो. त्याने पहिली रिग तिच्या खांद्यावर ठेवली. दिसायला देखणी, पण सगळं वजन पुढे. दोन मिनिटांत तिची मनगटं थरथरायला लागली. दुसरीची खांद्यावरची गादी चांगली जाड होती, पण तिला पोटाचा टेकू होता. स्क्रूवाला तो कसा बसवायचा हे मला समजावत होता, तेवढ्यात तुझ्या आईने काउंटरवरची स्क्रूची चावी उचलली, टेकू सोडवला आणि बाजूला ठेवला. कोणाला काही विचारलं नाही. मग म्हणाली, मोठी बॅटरी पुढे कशाला, मागे टांगा, म्हणजे वेगळं वजन न लावता तोल साधेल. गादी बोटभर पुढे सरकवली, हँडलं छातीजवळ आणली, आणि दोन्ही हात सोडून उभी राहिली. कॅमेरा जागचा हलला नाही.

नंतर ती दुकानामागच्या गोदामाचा जिना चढली. अठरा पायऱ्या, डोळा कॅमेऱ्याला लावून. वर वळली आणि उतरताना प्रत्येक पायरी पावलाने आधी चाचपत खाली आली. स्क्रूवाल्याने कौतुकाने विचारलं, की बाई पण याच लाइनमधल्या का? मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, ‘होते.’

ठकू, तुला एवढंच माहीत आहे की आई संकलनाच्या खोलीत काम करायची. त्याआधीची तीन वर्षं ती माझ्याच तुकडीत कॅमेरा चालवत होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा सरस चालवत होती. तेव्हाचा कॅमेरा अकरा किलोचा. एका उन्हाळ्यात दोन महिन्यांचा चित्रणाचा दौरा ठरला आणि त्याची जबाबदारी तिच्यावर होती. निघायच्या आठ दिवस आधी बघतो तर ती कॅमेऱ्याच्या कमरपट्ट्याखाली, पोटावर, टॉवेलची घडी घालून सराव करते आहे. मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की तू येणार आहेस. मी आनंदाने वेडा झालो. आणि त्याच दुपारी दौऱ्याच्या यादीतून तिचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं. तिला विचारलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, काय काळजी घेतो बायकोची! मलाही तसंच वाटलं. तू झाल्यावर ती परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरा रुळला होता, आणि तिने तक्रार न करता संकलनाची खोली घेतली. तिच्या ‘होते’मध्ये हे सगळं होतं आणि मला ते कळायला तुझं अख्खं वय जावं लागलं.

तर रिग दुसरीच घेतली, टेकू काढून. कॅमेरा, लेन्स, बॅटरी धरून पाच किलोच्या आत. सोबत एक मोनोपॉड घेतला आहे, एकाच दांडीचा, तळाशी तीन छोटे पाय असलेला. रिगखालची पट्टी एका खटक्यात त्यावर बसते. दहा मिनिटं खांद्यावर, मग मोनोपॉडवर, हा नियम पाळ. पुढेपुढे तर स्टूल घेऊन बस आणि खुशाल बसून चित्रण कर, कारागीरही बसूनच काम करतात. आणि हे सगळं सामान तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखव. त्या जे सांगतील ते ऐक. माझं ऐकू नकोस.

कळलंच असेल, की मला कळलं आहे. दुकानातून येताना आईनेच तुझ्या अटींचा अर्थ फोड करून सांगितला. टॉवेलची घडी ती विसरलेली नाही. तू आपण होऊन सांगेपर्यंत गप्प बसायचं, असं तिने मला बजावलं होतं. पण मला एक कबूल करायचं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. काल सकाळी मी तुझ्या दिग्दर्शकाला फोन लावला. तो एके काळी माझ्या हाताखाली होता, माझा शब्द मोडणार नाही. पोरीला जरा हलकं काम दे, एवढंच सांगणार होतो. घंटा वाजत असताना आई समोर येऊन उभी राहिली. मी फोन ठेवला, आणि एकतीस वर्षांनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माझी मागून काय उपयोग, तिला सांगा काय करायला निघाला होतात ते. म्हणून सांगतो. मी चुकलो होतो, ठकू, आणि पुन्हा तेच करणार होतो. दिग्दर्शकाला कधी सांगायचं, काय सांगायचं, चार महिने काम करायचं की दोन, हे तुझं तू ठरव. मी आनंदाने वेडा झालो आहे, पण या वेळी घरातल्या घरात. आणखी एक. आईला तुझी मदतनीस म्हणून यायचं आहे, मोनोपॉड उचलायला आणि स्टूल सरकवायला. जिन्यावरून उतरल्यापासून तिचा खांदा दुखतो आहे आणि तरी ती गुणगुणते आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे, पण तू हो म्हटल्याशिवाय निघणार नाही. ठरवून टाकू नका, आधी विचारा, असं तिने मला बजावलं आहे. म्हणून विचारतो. येऊ दे का तिला?

तुझाच,
आता विचारायला शिकत असलेला,
बाबा