चिंची येत का नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून चिंचीचं ट्रेनिंग. पद्धत ऑनलाइन कोर्सची: हाक मारायची, आली की उकडलेलं चिकन द्यायचं, नाही आली तर रागवायचं नाही. एकवीस दिवसांत कुत्रं कुठूनही परत येतं म्हणतात. एक्सेल शीट केली. वासंती म्हणाली, माझ्यासाठी, बायकोसाठीसुद्धा इतका प्लॅन नव्हता केलास.
नोंद: आधीच्या कुत्र्याच्या, गब्बूच्या प्रकरणाशी याचा संबंध नाही. त्याचा पट्टा दारामागे आहे तो फक्त दुसरीकडे खिळा नाही म्हणून.

५ नोव्हेंबर
सोसायटीच्या आवारात दहा प्रयत्न. आली: शून्य. चिकन थंड होतं.

८ नोव्हेंबर
गरम चिकन. शून्य. चीज आणायला हवं.

११ नोव्हेंबर
वॉचमन देवाप्पा खुर्चीतून न उठता म्हणाला, "चिंची, बा." धावत गेली. त्याच्या हातात काहीही नव्हतं.
कारण उघड आहे. देवनहळ्ळीहून आणलेलं पिल्लू, मातृभाषा कन्नड. (कुत्र्यांना मातृभाषा असते का? तपासणे.) शीटमध्ये भाषेचा कॉलम वाढवला.

१२ नोव्हेंबर
मीही "बा" म्हणालो. शून्य. देवाप्पा म्हणतो, सार, स्वल्प जोरात बोला. माझा उच्चार चुकत असणार.

१५ नोव्हेंबर
वासंतीने माझा व्हिडिओ काढला. मी हात पुढे करून उभा आहे, ओठ हलतात, आवाज नाही. फोनचा माइक बिघडला आहे.
वासंती म्हणाली, मागे देवाप्पाचा रेडिओ ऐकू येतोय ना, अरे.

१६ नोव्हेंबर, पहाटे साडेपाच
प्रामाणिकपणे लिहायचं तर, गब्बू हाकेला नेहमी यायचा. मीच शिकवलं होतं. गेल्या वर्षी मल्लेश्वरमला तो रस्त्यापलीकडे झाडाशी हुंगत होता. मी या बाजूने हाक मारली. लगेच निघाला. चूक टेम्पोचीच, फार वेगात होता. वासंतीही तेच म्हणते. म्हणजे, मी विचारलं की म्हणते.
अजून पहाटे हॉलच्या फरशीवर नखं वाजतात. चिंची असते. ती माझ्या पायाशी झोपलेली असते तेव्हाही वाजतात.
उद्यापासून मोठ्याने.

१७ नोव्हेंबर
अगदी खणखणीत हाक मारली. घरात, दार लावून, चिंची खाली असताना. आवाजात काही दोष नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. एकविसावा दिवस
गेट उघडं राहिलं. चिंची रस्त्यापलीकडे, शहाळ्यांच्या गाडीपाशी. मला बघून शेपटी हलवली. देवाप्पा "बा" म्हणायला तोंड उघडत होता, ते मी हाताने दाबलं. (नंतर पुष्कळ सॉरी म्हणालो.) मग तोच हात वर करून गाड्या थांबवत पलीकडे गेलो. एक रिक्षावाला कन्नडमध्ये बरंच बोलला, सगळं कळलं. चिंची जागची हलली नाही. मी पोचेपर्यंत नीट बसून राहिली. तिला उचलून परत आलो.
शीटमध्ये भरलं: प्रयत्न एक, यशस्वी एक.
वासंतीने शीट पाहिली. म्हणाली, आलास तू, मग चिकन तुझं.
खाल्लं. थंड होतं.