अक्काच्या वाट्याची दादर

पिंपळवाडे, ता. चाळीसगाव
२१ मार्च २०२४

ती. कोकिळाअक्काच्या चरणी,
धाकट्या भटूचा सा. न. वि. वि.

पत्र नेहमीप्रमाणे पोत्याच्या तोंडाशी खोचलं आहे. शिलाई उसवताना फाडू नको. फोन असूनही तुला पत्रच लागतं, आणि मला कानाने कमी ऐकू येतं, म्हणजे दोघांचीही सोय झाली.

यंदा दादर ज्वारी टपोरी झाली. घरच्या कोठीत आम्ही राख आणि निंबाचा पाला घालतो आणि शेवटी सोंडे पडले की सोंड्यांसकट दळून खातो. तुझं तसं नको. तुझ्या ज्वारीला नानांच्या डब्यातली पावडर माझ्या हाताने चोळली आहे. वडील गेल्यापासून एकवीस वर्षं मी हेच करत आलो. तसली पावडर आता बाजारात मिळत नाही, म्हणून तो डबा फक्त तुझ्या नावाचा. यंदा एक ओंजळ जास्त घातली. ऑपरेशनच्या बाजूचा हात तुझा अजून वर जात नाही, त्या हाताने निवडत बसायला नको.

डॉक्टरांनी पाच वर्षं गोळी सांगितली आहे, ती चुकवू नको. पाढे चुकले म्हणून अर्ध्या धुळ्याला तू छड्या मारल्यास, आता छडी माझ्या हातात आहे असं समज.

तेजस आणि ऋतिका सूनबाईला आशीर्वाद. धाकट्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा,
भटू

*

जळगाव
७ एप्रिल २०२४

ती. कोकिळाफुईस,
भाविकाचा सा. न. वि. वि.

भावाची लेक विद्यापीठात दिवसभर काय करते, नुसता चहा पिते का, असं तू विचारलं होतंस. चहा पिते, आणि उरलेल्या वेळात कॅन्सरच्या पेशी सांभाळते. बशीएवढ्या ताटल्यांत त्या वाढतात. स्तनाच्या कॅन्सरच्या, तुझ्या आजाराच्याच जातीच्या, बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसणाऱ्या. हार्मोन तोडला की त्या उपाशी पडतात. तुझी गोळी हेच काम करते, त्यांना उपाशी ठेवते.

काही कीटकनाशकं मात्र हार्मोनचं सोंग घेतात. पेशी फसतात आणि पुन्हा वाढायला लागतात.

फुई, दिवाळीला मी नानांच्या डब्यातली चिमूटभर पावडर इकडे आणून तपासली. ती बीएचसी निघाली. मी जन्मले त्या सुमारास तिच्यावर बंदी आली होती. उपाशी पेशींच्या ताटलीत ती घातली, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. सहा दिवसांनी मोजलं, तर नुसत्या उपाशी ठेवलेल्यांपेक्षा त्या दुपटीने वाढल्या होत्या. तीनदा करून पाहिलं, कारण मला ते खोटं ठरायला हवं होतं.

ताटली म्हणजे माणूस नव्हे. तुझा आजार या पावडरनेच झाला असं कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. पण ती दादर खाऊ नको. रविवारी गावी जाऊन आबांना सांगणार आहे. त्यांच्यासमोर कसं बोलायचं ते सुचत नाही आणि फार भीती वाटते.

तब्येत जप. भाचीवर राग नको.

तुझी,
भाविका

*

देवपूर, धुळे
११ एप्रिल २०२४

चि. भाविकास,
फुईचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एकदा आजारी बाईसारखं, एकदा मास्तरणीसारखं. मास्तरणीला पटलं.

पण रविवारी तू गावी जायचं नाहीस. भटूला यातलं अक्षरही कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे. आमची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी चौदाची. त्याला मी वाढवलं आहे, तो कोणत्या मातीचा ते मला विचार. तुझ्या जन्माआधी त्याने चुकून फवारणीच्या बादलीतून बैलाला पाणी पाजलं. बैल गेला. भटू नऊ दिवस जेवला नाही, सारखा विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. नाना त्याच्या पायाला दोर बांधून दुसरं टोक स्वतःच्या पायाला बांधत आणि मग झोपत. बैलासाठी ही गत, तर बहिणीसाठी काय करेल?

पोतं शिवलेलंच आतल्या खोलीत ठेवलं आहे. भटू आला तर त्याला ते दिसलं पाहिजे. खायला दुकानातून दादर आणते. घरातही कोणाला बोलले नाही. ऋतिका गुणाची, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. भटूला मी लिहिणार, भाकर गोड लागते म्हणून. तुला त्याने विचारलं तर तूही सगळं ठीक आहे असं आपल्या अहिराणीत सांगून टाक, बठ्ठं बरं शे.

जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि आता तुला हे शिकवते आहे. फुईची लाज वाटू देऊ नको.

तुझी,
फुई

*

पिंपळवाडे
९ मार्च २०२५

चि. भाविकास,
अ. उ. आ.

अक्काचं सगळं कार्य आटोपून काल धुळ्याहून आलो. तू आधी निघालीस म्हणून लिहितो. आजार हाडांत उतरला त्याला कोण काय करणार, असं सगळे म्हणतात. मला तर घरात बसवत नाही.

तिच्या खोलीत मागच्या वर्षीचं पोतं शिवलेलंच सापडलं. पत्र तेवढं अलगद काढून घेतलं होतं. म्हणजे वर्षभर तिला घास जात नव्हता, आणि मला मात्र भाकर गोड लागते म्हणून लिहीत राहिली. पोत्यावर डोकं ठेवून रडलो. मग शिलाई उसवली. एक सोंडा नाही, बाई. दाणा जसाच्या तसा.

ऋतिकाला पाचवा महिना लागला आहे. तिला म्हटलं, ही अक्काची दादर आहे, आता तू खा, बाळाच्या अंगी लागेल. यंदाचं पोतंही मधे एकदा गावी येऊन तिच्याच नावाने तिकडे नेऊन दिलं. डबा खरवडून उरली होती ती सगळी पावडर त्याला चोळली.

वेळेवर जेवत जा. आता आम्हाला तूच.

तुझा,
आबा

*

जळगाव
१३ मार्च २०२५

ती. आबांस,
भाविकाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी ऋतिकावहिनीला फोन केला. तीन दिवस तिने त्याच पिठाची भाकर खाल्ली आहे. पोती बंद करायला सांगितलं. ती ताब्यात घ्यायला आणि तिला डॉक्टरकडे न्यायला मी आत्ता धुळ्याला निघाले आहे, म्हणून हे पत्र इकडे आलेल्या आपल्या शेजारच्या कुंदनकाकांच्या हाती देते. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

फुईची शपथ मोडते आहे. तिचं पत्र सोबत आहे, ते आधी वाचा. नानांच्या डब्यातली पावडर बाईच्या अंगातल्या हार्मोनचं सोंग घेते, डोळ्यांना न दिसेल एवढी ताटलीत घातली तरी फुईच्या आजाराच्या पेशी वाढल्या. हे मला आणि तिला वर्षभर माहीत होतं. फुई त्यानेच गेली असं मी म्हणत नाही, आबा, ते कोणालाच ठरवता येणार नाही. पण पोटातल्या बाळाच्या बाबतीत मला गप्प बसता येत नाही.

काका तुमच्याजवळच बसतील. त्यांच्यावर चिडू नका. विहिरीकडे जाऊ नका, एवढं माझं ऐका.

तुमची,
भाविका

*

पिंपळवाडे
१६ मार्च २०२५

चि. भाविकास,

कुंदन समोरच बसला आहे. विहिरीवर जात नाही, घरी जा, असं दहादा सांगितलं तरी हलत नाही. तुझ्या आईने दोर बांधला नाही, नुसता माझा सदरा धरून बसते.

ऋतिकाचं आणि बाळाचं सध्या ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले, ते कळलं. पुढचं कोणी सांगू शकत नाही, तेही कळलं.

शपथ मोडलीस ते बरं केलंस. वर्षापूर्वी मोडली असतीस तर अक्काच्या पायावर डोकं ठेवता आलं असतं. तुला लागेल, पण लिहितो. मी मरेन म्हणून तुम्ही दोघी गप्प राहिलात, आणि मी पोतं उचलून पोटुशीच्या दारात नेऊन ठेवलं. यापुढे मला बठ्ठं बरं शे असं कळवायचं नाही.

रिकामा डबा ओट्यावर ठेवला आहे. विहिरीत टाकता येत नाही, उकिरड्यात नाही, मातीत पुरता येत नाही. येशील तेव्हा घेऊन जा, तुमच्याकडे असल्या वस्तूची काही सोय असेल.

हार्मोनचं मला काही समजलं नाही. एवढंच समजलं की ताटलीत ती डोळ्यांना न दिसेल एवढीच लागली. मी ओंजळीने घालत होतो, बाई. एकवीस वर्षं. आणि आपल्या घरच्या दाण्याला राख.

कळावे.

आबा