शिक्का क्रमांक चार

२९ सप्टेंबर, सोमवार
फ्लाइंग स्कूलच्या चौदा सीट बेल्टची शिलाई आज पूर्ण. सलीमभाईंचा हात आहे, टाके मोजावे लागत नाहीत. तरी मोजले. आता एकेक बेल्ट मशीनवर ताणून बघायचा, मग टॅगवर माझी सही आणि शिक्का क्र. ४. त्याशिवाय विमानात जात नाही.
मशीनचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे माप अचूक असल्याचा, स्टिकर उद्यापर्यंतचा. नवा लावणारा इंदूरचा माणूस दसऱ्यानंतर येणार. सुभाषकाकांना दोन महिने सांगतेय. मालक म्हणून ऐकत नाहीत, पप्पांचे मिलमधले मित्र म्हणून हसतात.

३० सप्टेंबर, मंगळवार
आठ झाले, आठही पास. दुपारी लाइट गेली, सहा राहिले. त्यांना लाल चिठ्ठ्या लावून वेगळ्या रॅकवर ठेवलं.
सु.काका : "सहाच तर आहेत. उद्या करून टाक."
"उद्या स्टिकर संपलेला असेल."
"स्टिकर संपतो बेटा, मशीन संपत नाही."
मशीनवर कव्हर घालून आले.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सकाळी कारखान्यात पूजा. पाटावर कात्र्या, सुया, टेप. काकी म्हणाल्या, "तुझं हत्यार कुठंय गं?" सु.काका लगेच, "तिचं हत्यार म्हणजे शिक्का. आण, देवीसमोर ठेव."
शिक्का दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलाय. सगळे बघत होते. दिला. काकींनी दांड्याला कुंकू लावलं, मग रबरालाही.
पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलत नाहीत. म्हणजे शिक्का तिथेच. कारखान्याची किल्ली सु.काकांकडे. दुपारपासून सुट्टी. लिहून ठेवते.

२ ऑक्टोबर, दसरा
सु.काका सोनं द्यायला आले. सकाळी इच्छापूरला देवीचं दर्शन करून आले म्हणे. पप्पांना म्हणाले, "पोरीला उद्या सुट्टी देऊन टाकली मी. लई राबून राहिली."
मी सुट्टी मागितली नव्हती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
तरी कारखान्यात गेले. रॅक रिकामा. लाल चिठ्ठ्या केराच्या डब्यात. सहा.
सलीमभाई शिलाईच्या मशीनला तेल घालत होते. वर न बघता, "परसों शाम को गए, ताई. साहब ने खुद पॅक किए. मैं तो सिलाईवाला."
शिक्का पाटावरच. दांड्याला कुंकू, रबर पुसलेलं.
फाइलमध्ये सहा टॅगांच्या दुसऱ्या प्रती. सगळ्यांवर तारीख ३० सप्टेंबर. सही माझ्यासारखी, पण शेवटची रेघ मी इतकी लांब ओढत नाही. पहिल्या टॅगवर जांभळ्या शिक्क्याला लाल कड. दुसऱ्यावर थोडी. तिसऱ्यावर ठिपका. पुढे नाही.
तीस तारखेला माझ्या शिक्क्याला कुंकू नव्हतं.
फोटो काढले. प्रती होत्या तशा ठेवल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार
विचारलं. नाकारलं नाही, याचंच जास्त…
"पट्ट्याचा रोल एक, शिवणारा हात एक. आठ पास झाले तर सहा काय वेगळे तुटणार? पार्टी रोज फोन करून राहिली."
"तुटतील असं मी म्हटलंच नाही. तपासलेले नाहीत एवढंच म्हणतेय."
मग हळू आवाजात, "लिहिणार असशील तर सगळं लिही. शिक्का कोणी दिला? मी मागितला, तू दिला. तुझं तपासणीचं ऑथरायझेशन आधी जाईल."
खरं आहे. म्हणूनच पूजेत मागितला की तेव्हा सहज मागितला आणि संध्याकाळी सुचलं, हे ठरवता येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
पप्पांना सांगितलं. "सुभाषने तुला नोकरी दिली, तेव्हा कोणी देत नव्हतं."
मग पप्पांनीच विचारलं, "ते बेल्ट बांधतं कोण?"
"शिकणारी मुलं. माझ्याहून लहान."
आईने टीव्हीचा आवाज कमी केला. सु.काकांनी पप्पांना आधीच फोन केला होता का? विचारलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
१०.५० फ्लाइंग स्कूलच्या स्टोअरला फोन. "दो लग गए, मॅडम. चार रखे हैं. क्यों, कुछ है क्या?" सहाही नंबर दोनदा सांगितले. लागलेले उतरवा म्हटलं. म्हणाला, लिखित भेजिए, बिना लिखित नहीं उतरेगा.
११.४० मेल पाठवला. पहिल्या परिच्छेदात बेल्ट. दुसऱ्यात मी : शिक्का कोणत्या दिवशी, कोणाच्या हाती दिला. पूजेचं कारण लिहिलं, मग खोडलं. ते कारण नाही. प्रत सु.काकांना.
काचेतून दिसले. फोन बघितला, चष्मा लावून परत बघितला.
बारा वाजता चहा. माझा कप आज त्यांनी स्वतः आणून ठेवला. जाताना माझ्या ड्रॉवरकडे बघितलं.
ड्रॉवर रिकामा आहे. शिक्का ओढणीच्या टोकात बांधलाय.
१.१५ स्टोअरचं उत्तर नाही. चहा तसाच.